पडावं तर पालथं

आमच्या पैलवानांची पाठ आयुष्यात कधी मातीला लागली नाही. गावात हे वाक्य इतक्या गंभीरपणे उच्चारले जाते की नवखा पाहुणा नकळत चप्पल काढतो. ग्रामपंचायतीच्या हॉलमध्ये त्यांचा फेट्यातला फोटो आहे आणि त्याच्याखाली हेच वाक्य पिवळ्या रंगात लिहिले आहे. निवडणुकीच्या पत्रकांवर ते छापले गेले, यात्रेत कर्ण्यावरून ओरडले गेले, आणि पुढे पुढे तर पैलवानांच्या नावाच्या जागीच वापरले जाऊ लागले. वाक्य खरे आहे. मी त्यांना चाळीस वर्षांहून जास्त पाहत आलो आणि जमेल तेवढी खात्री करून घेतली आहे. मात्र त्याच्या जोडीचे दुसरे एक वाक्यही तितकेच खरे आहे आणि ते कुणी रंगवले नाही. पैलवानांनी दुसऱ्या कुणाची पाठ मातीला लावल्याचेही गावात फारसे कुणाला आठवत नाही.

त्यांची कुस्ती समजायला कुस्ती कळावी लागत नसे. सलामी व्हायची, हातात हात पडायचा, आणि पहिली दोन-चार मिनिटे पैलवान माजलेल्या वळूसारखे अंगावर जायचे. तेवढ्यात समोरचा भारी आहे असे ध्यानात आले की ते पोटावर आडवे व्हायचे. हातपाय फाकायचे, हनुवटी मातीत रुतवायचे आणि डोळे मिटायचे. आता त्यांना उलटे करून पाठ टेकवणे हे समोरच्याचे काम. कुस्तीत पाठ लागली की माणूस हरला. पोट लागण्याला नियमात काही नाव नाही. समोरचा त्यांची मान ओढी, लंगोटाची लांग धरून उचलू पाही, बगलेत गुडघा घाली. एकशे दहा किलोचा तो देह जागचा हलत नसे. शेवटी पंच वैतागून दोघांना बरोबरीत सोडवत. पैलवान उठून अंगावरची माती झटकत. ती फक्त पुढच्या बाजूला असे.

पुणतांब्याच्या यात्रेत कुस्त्यांचा हगामा भरला होता, तेव्हा मी हे पहिल्यांदा जवळून पाहिले. समोर राजूरकडचा एक उंच, काटक गडी होता. डोंगरातला माणूस, दम न लागणारा. त्याने पैलवानांच्या पाठीवर बसून जवळजवळ तासभर खटपट केली. एक पंच मध्येच जाऊन उसाचा रस पिऊन आला. मागच्या रांगेतले लोक भेळ खाऊन परत आले तरी चित्र तेच होते. शेवटी तो गडी पाठीवर बसल्या बसल्याच कपाळाचा घाम निपटत पंचांना म्हणाला, "ह्यो मानूस हाय का घोरपड?"

खालून, मातीतून आवाज आला, "घोरपड म्हन. पन आदी फिरव."

कुस्ती बरोबरीत सुटली. येताना टेम्पोत पैलवान इतके खूश होते की बरोबरी हीच जिंकण्यापेक्षा वरची पायरी असावी असे मला वाटू लागले. कोल्हारच्या पुलावर त्यांनी टेम्पो थांबवला, सगळ्यांना पेढे दिले आणि स्वतः पाव किलो खाल्ले. कान मोडलेले, मान खांद्यात बुडालेली, नाकाच्या शेंड्यावर अजून माती. त्याच वेळी त्यांनी मला ते वाक्य सांगितले, जे पुढे मी हजारदा ऐकले. "मास्तर, पडन्यात काय न्हाई. समदीच पडत्यात. कसं पडतो त्यात खरं हाय. पडावं तर पालथं."

मी मास्तर कधीच नव्हतो. गावाच्या वाचनालयात बसतो, चष्मा लावतो, एवढ्यावर त्यांनी मला ती पदवी दिली आणि ती टिकली.

पालथे पडण्याचा सल्ला ते कुणालाही देत. माझा पुतण्या दहावीला दोन विषयांत नापास झाला, तेव्हा घरात सुतकासारखे वातावरण होते. पैलवान आले, त्याच्या मानेवर पंजा ठेवला आणि त्याच्या आईला म्हणाले, "पालथा पडलाय वैनी, उताना न्हाई. परत बसवा." तो पुन्हा बसला आणि पास झाला. पैलवानांचे तत्त्वज्ञान आमच्या घरात सिद्ध झाले ते तेवढेच.

पैलवान जातीने गोसावी. गावच्या महादेवाची पूजा त्यांच्या घराण्याकडे आणि मंदिरामागची दहा एकर जमीनही. मंदिर आणि तालीम यांच्या मधल्या मोकळ्या जागेत घराण्यातल्या जुन्या लोकांच्या समाध्या होत्या, ओळीने सात दगडी चौथरे, प्रत्येकावर छोटी पिंड. तालमीतली मुले त्यांवर लंगोट वाळत घालत. बाहेरच्या माणसाला हे खटके. पैलवानांना नाही. चौथऱ्यावर थाप मारून ते ओळख करून देत, "हे आमचे आजोबा. हे पनजोबा. बसल्यात निवांत. त्यांना काय लंगोटाचं?"

पाठीचा अभिमान त्यांनी आखाड्यापुरता ठेवला नव्हता, हे मला उशिरा कळले. ते उताणे झोपत नसत. डाव्या कुशीवर नाहीतर पोटावर. एसटीत मागे रेलत नसत. दात काढायला कोल्हारला गेले तेव्हा डॉक्टरने खुर्ची मागे झुकवली, पैलवान ताडकन उठून बसले आणि म्हणाले, "दात पुढं हाय. पाठीचं काय काम हाय?" डॉक्टरने उभ्याने दात काढला, दोघांनाही घाम फुटला. उताणे न झोपण्याची साक्ष पैलवानांच्या घरच्या, म्हणजे आमच्या वहिनी, देत. चहा गाळताना अगदी सहज सांगत, "लगीन झाल्यापासून ह्यांनी घराचं आढं बघितलेलं न्हाई. वर काय हाय म्हनून इचारलं तर सांगता यायचं न्हाई त्यांना."

दुसरी सवय हाताची. आखाड्यात जोड ठरवताना दोन पैलवान हात मिळवतात. तेवढ्या क्षणात पैलवान समोरच्याचा दम, राग आणि काल रात्रीचे जेवण ओळखत असत. ही विद्या त्यांनी आखाड्याबाहेरही आणली. रस्त्यात कुणी भेटले की ते हात हातात घेत, सोडत नसत, आणि इकडचे तिकडचे बोलत राहत. तो गेल्यावर मला सांगत, "ह्याच्या घरात भांडान चालू हाय." किंवा "हा पोरीचं लग्न ठरवून आलाय, अजून कुनाला सांगत न्हाई." बरेचदा ते बरोबर निघे. मी एकदा म्हणालो की हे चेहऱ्यावरूनही कळते. ते म्हणाले, "तोंड खोटं बोलतं मास्तर. पंजाला येत न्हाई."

राजकारणात ते आले ते साहेबांच्या मागून. साहेब म्हणजे आमच्या भागातले साहेब. दर दहा कोसांवर एक असतात, त्यांतले हे आमचे. साहेबांच्या व्यासपीठावर मागच्या रांगेत एक रुंद माणूस उभा असावा असा संकेत होता, आणि पैलवान रुंद होते. दोन-तीन वर्षे त्यांनी फक्त उभे राहण्याचे काम केले. फोटोत साहेबांच्या दोन्ही खांद्यांबाहेर थोडे थोडे पैलवान दिसत.

मग एका सभेत व्यासपीठ कोसळले. फळ्या मांडणाऱ्याने खालचे बांबू कमी लावले होते आणि वर पुढारी जास्त झाले होते. मान्यवर उताणे, कुणी टेबलाखाली, कुणाचे धोतर माईकच्या वायरीत. पैलवान मात्र सवयीप्रमाणे पालथे पडले आणि साहेब नेमके त्यांच्या पाठीवर बसल्यासारखे आले. साहेबांना खरचटलेसुद्धा नाही. त्यांनी तिथूनच, पैलवानांच्या पाठीवर बसून, भाषणाचा शेवट केला. पुढच्या ग्रामपंचायतीला सरपंचपद कुणाला, याची चर्चा त्या दिवशीच संपली.

सरपंच ते दोन वेळा झाले आणि दोन्ही वेळा बिनविरोध. साहेब समोरच्याला बोलावून घेत, समोरचा अर्ज मागे घेई. पैलवानांनी गुलाल उधळला, पण लढले कुणाशीच नाहीत. त्यांच्या ते लक्षातही आले नसावे. त्यांच्या कुस्त्या तशाच होत्या. ग्रामसभेतही त्यांनी तीच पद्धत चालू ठेवली. कुणी तक्रार मांडली की ते मुठी गुडघ्यांवर ठेवून ऐकत, हनुवटी छातीवर टेकवत आणि म्हणत, "बघू." तक्रारदार आवाज चढवी, टेबलावर हात आपटी, कागद नाचवी. "बघू." अर्ध्या तासाने माणूस दमे आणि घरी जाई. पैलवान माझ्याकडे पाहून पापणी लववत. बरोबरीत सुटली, असा त्याचा अर्थ होता.

बाईंशी ही पद्धत चालली नाही.

बाई म्हणजे आमच्या प्राथमिक शाळेतून निवृत्त झालेल्या बाई. त्यांनी निम्म्या गावाला बाराखडी शिकवली होती आणि उरलेल्या निम्म्याच्या मुलांना. बारा महिने हातात छत्री, वजन असेल चाळीस-बेचाळीस किलो, आवाज कधी वर जात नसे. निवृत्तीनंतर त्यांनी बायकांचे बचत गट बांधले, वाडीवस्तीवर सायंकाळी बसून बायकांना सही करायला शिकवले. त्यांच्या गटात वहिनीही होत्या. पैलवानांना याचे कौतुक होते. "आमची आता सही करती," असे ते सांगत.

भांडण पाण्याच्या वेळेचे होते. गावाच्या नळाला पाणी पहाटे चारला सुटे. टाकी भरलेली असे, वीज असे, मोटर चालू असे. चार वाजताच पाणी सोडण्याचे कारण एवढेच की पाणी सोडणारा किसन हा तालमीतला. तो चारला व्हॉल्व्ह फिरवून पाचला मेहनतीला जाई. बायका थंडीत, अंधारात हंडे घेऊन उठत. चार वर्षे त्या वेळ बदला म्हणत होत्या. एक दिवस तीस-पस्तीस बायका घेऊन बाई ग्रामपंचायतीत आल्या. मी कोपऱ्यात वाचनालयाच्या वर्तमानपत्रांचा गठ्ठा उलगडत होतो.

"पैलवान," बाई म्हणाल्या, "पाणी सातला सोडा."

"बघू."

"चार वर्षं बघताय."

"चारला उठलं की तब्येत ऱ्हाती, बाई."

"कुणाची?"

हॉलमध्ये कुणीतरी पदराआड हसले. पैलवानांनी हनुवटी छातीवर टेकवली आणि डोळे मिटले. मी ओळखले, पालथे पडले. बाईंनी काही ओढाताण केली नाही. खुर्ची ओढून त्या समोर बसल्या, छत्री मांडीवर आडवी ठेवली आणि पाच मिनिटे त्यांच्याकडे पाहत राहिल्या. मग "बरं" म्हणून उठल्या. बायका त्यांच्या मागून गेल्या. पैलवानांनी माझ्याकडे पाहून पापणी लववली. मला ती बरोबरी वाटली नव्हती.

त्यानंतर जिल्हा परिषदेची निवडणूक लागली. साहेबांच्या दोन माणसांत उमेदवारीवरून जुंपली होती, म्हणून त्यांनी तिसऱ्याला दिली. तिसरे पैलवान. समोरच्या गटाने बाईंना उभे केले. साहेबांनी नेहमीप्रमाणे बाईंना बोलावून घेतले. बाई आल्या नाहीत; निरोप आला की सायंकाळी वर्ग असतो. अर्ज मागे घेण्याची वेळ संपली तेव्हा पैलवान तहसील कचेरीच्या पायरीवर उभे होते. पंचाहत्तर गावे फिरलेला हा माणूस पहिल्यांदा निकाली कुस्तीला उभा राहिला होता, आणि समोर बेचाळीस किलो.

"जोड न्हाई बसत," ते म्हणाले. "मी बाईंबद्दल स्टेजवर एक शब्द बोलनार न्हाई. हलक्या अंगाच्या मानसाशी खडाखडी करायची नसती."

तसे ते शेवटपर्यंत बोलले नाहीत. साहेबांनी दटावून पाहिले. पण पैलवानांना या निवडणुकीची धास्ती होती. पाठ न लागलेला माणूस म्हणून गावोगाव त्यांचे फ्लेक्स लागले होते आणि निवडणुकीत बरोबरी नसते, हे मी त्यांना दोनदा समजावले होते. दोन्ही वेळा त्यांनी विचारले, "पंच सोडवत न्हाईत?" मी नाही म्हणालो. तिसऱ्यांदा त्यांनी विचारले नाही. जेवण कमी झाले. एवढ्या मोठ्या देहाचे जेवण कमी झाले की घरात लगेच दिसते. वहिनी भाकरीची परात अर्धी भरलेली परत नेत.

मग त्यांनी आपली विद्या बाहेर काढली. आम्ही दोघे मतदारगटातल्या प्रत्येक गावात दारोदार गेलो. पैलवान हात मिळवत, मी मतदारयादी आणि लाल-निळी पेन्सिल घेऊन दोन पावले मागे. हात सुटला की ते न वळता सांगत, "लाल." म्हणजे आपला. "निळा." म्हणजे गेला. कधी म्हणत, "हात ढिला हाय, पन खोटा न्हाई. लाल कर." विकास सोसायटीच्या निवडणुकीत याच पद्धतीने त्यांनी आधीच सांगितलेला निकाल चारच मतांनी चुकला होता, आणि त्या चारांतले दोघे संधिवाताचे निघाले होते. त्यामुळे माझाही विश्वास बसलेला होता.

बायकांना मात्र ते हात जोडत. बाईमाणसाचा हात कोण धरतो? पदर सावरून ती दारात उभी राही, पैलवान दोन्ही पंजे जोडून वाकत, आणि आम्ही पुढच्या घरी. यादीत नवऱ्याच्या नावाखाली तिचे नाव असे. पेन्सिल हवेत थांबवून पहिल्याच दिवशी मी विचारले, "ह्यांचं काय करायचं?"

"कुनाचं?"

"बायकांचं."

"घरचा हात एकच असतो मास्तर. त्याला लाल केलं ना? खाली ओढ."

मी खाली ओढली. त्यात माझाही दोष आहे आणि तो लपवण्यात अर्थ नाही. तीन आठवडे मी पेन्सिल खाली ओढत होतो. आमच्याच वॉर्डाच्या पानावर पैलवानांच्या नावाला न विचारता लाल केले आणि त्याच रेघेने वहिनींनाही. शेवटी आम्ही वाचनालयात बसून मोजले तर लाल इतके झाले होते की पैलवानांनी त्या दिवशी पूर्ण जेवण केले. सोसायटीचे सभासद बहुतेक सगळे पुरुष होते, ही गोष्ट आम्हाला तेव्हा सुचली नाही.

मतमोजणी तालुक्याला गोदामात होती. पहिल्या फेरीत बाई पुढे. दुसऱ्या फेरीत आणखी पुढे. आमच्या गावाची मते आली तेव्हा पैलवान माझ्या खांद्यावरून यादीकडे पाहत होते, जणू लाल रंग आता काही करेल. आमच्या गावातही बाई पुढे होत्या. चौथ्या फेरीनंतर साहेबांची गाडी निघून गेली. ती गेटबाहेर जाईपर्यंत पैलवान पाहत राहिले, मग मला म्हणाले, "निकाली?"

"निकाली."

त्यांनी मान हलवली. पाणी प्याले, फेटा नीट केला आणि सरळ बाईंकडे निघाले. बाईंच्या भोवती बायका होत्या, कुणाच्या हातात गुलाल, कुणाच्या डोक्यावर. पैलवानांना येताना पाहून गलका थांबला. कुणाला वाटले असेल भांडण होईल. आखाड्यात हरलेला पैलवान जिंकलेल्याचा हात धरून मगच बाहेर पडतो. न धरता गेला तर पुढच्या हगाम्यात त्याची जोड लागत नाही. पैलवानांवर ही वेळ कधी आली नव्हती, पण रीत त्यांना पाठ होती. त्यांनी उजवा हात पुढे केला. बाईंनी छत्री डाव्या हातात घेतली आणि आपला हात त्या पंजात ठेवला.

पैलवानांनी तो लगेच सोडला नाही. नेहमीप्रमाणे धरून ठेवला, मान थोडी तिरकी करून, आतले काहीतरी ऐकत असल्यासारखे. बाई शांतपणे उभ्या होत्या. मग पैलवानांनी हात सोडला, नमस्कार केला आणि ते परत माझ्याकडे आले.

"मास्तर," ते म्हणाले, "लई कडक हात हाय. आदी धरला असता तर अर्जच भरला नसता."

दुसऱ्या दिवशी दुपारी मी त्यांच्या घरी गेलो. धीर द्यावा असे वाटत होते. पडवीत वहिनी शेंगा फोडत बसल्या होत्या. त्यांनी मानेनेच आत दाखवले. पैलवान बाजेवर उताणे पडले होते. चाळीस वर्षांत मी त्यांना तसे पाहिले नव्हते, त्यामुळे दारातच थबकलो. पोट डोंगरासारखे वर, हात दोन्ही बाजूंना पसरलेले, डोळे उघडे. ते आढ्याकडे पाहत होते.

"या मास्तर. तुळईला वाळवी लागलीय," ते म्हणाले. "कवापासून लागलीय कोन जाने."

"सा वर्सं झाली," पडवीतून वहिनी म्हणाल्या. "सांगून दमले."

आढ्याकडेच पाहत, पण आवाज पडवीकडे टाकून पैलवानांनी विचारले, "तू कुनाला दिलं गं?"

शेंगा फोडण्याचा आवाज थांबला नाही. "माझा हात कवा धरून बघितला तुमी?" वहिनी म्हणाल्या. "मास्तर, चहा टाकू का?"

मी हो म्हणालो. यादी माझ्या पिशवीतच होती. ती मी बाहेर काढली नाही.

चहा होईपर्यंत पैलवान बाजेवरून उठले, चौकात गेले आणि किसनला हाक मारून म्हणाले, "उद्यापासनं पानी सातला सोड." किसनने विचारले, "मेहनत कवा करू मग?" पैलवान म्हणाले, "पानी सोडल्यावर. चारला उठून काय दिवे लावलं आपन?" पाणी दुसऱ्या दिवसापासून सातला आले. जिल्हा परिषदेच्या सदस्याचा आणि गावाच्या नळाचा कायद्याने काही संबंध नाही, पण गावाने श्रेय बाईंना दिले. पैलवानांनी ते कधी दुरुस्त केले नाही.

तुळई त्यांनी त्याच उन्हाळ्यात बदलली.

पुढे ते कुठल्याच निवडणुकीला उभे राहिले नाहीत. साहेबांनी व्यासपीठावर मागे उभे राहायला बोलावले, तर गुडघे दुखतात म्हणून सांगितले. तालमीत मुलांना डाव शिकवत, पण शिकवणीत फरक पडला होता. एखादा पोरगा दोन मिनिटांत पालथा पडला की चौथऱ्यावर बसून ओरडत, "ऊठ. पडून ऱ्हायलास तर वर काय चाललंय ते कसं कळंल?" मुलांना ते काही समजत नसे. आमच्या तालमीचे मल्ल आता जिंकतात आणि हरतातही. तालुक्यातल्या इतर तालमींसारखेच.

हाताची सवय मात्र राहिली. एक फरक एवढाच की आता ते घरात वहिनींचाही हात धरून बसत. वहिनी माझ्यादेखत तो सोडवून घेत आणि म्हणत, "भाकरी करायच्यात मला." पैलवान मला सांगत, "अजून कळत न्हाई. लई खोल हाय."

शेवटचे भेटलो ते दवाखान्यात. हृदयाचे दुखणे होते. छातीला वायरी लावल्या होत्या आणि ते कुरकूर न करता उताणे पडले होते. मी खाटेजवळ गेलो तसा त्यांनी हात पुढे केला. मी धरला. त्यांनी नेहमीसारखा धरून ठेवला, मान तिरकी केली आणि म्हणाले, "मास्तर, हात ढिला लागतोय तुमचा. तब्येत बघा." माझी तब्येत चांगली होती. मी बघतो म्हणालो.

तीन दिवसांनी ते गेले. मंदिर आणि तालीम यांच्या मधल्या त्या जागेत, सात चौथऱ्यांच्या शेजारी माणसे मावेनात. साहेब आले. बाई आल्या, छत्री घेऊन, आणि वहिनींजवळ बसल्या. वहिनींचा हात शेवटपर्यंत बाईंच्या हातात होता. साहेबांचे भाषण वीस मिनिटे चालले. जिल्ह्याचे नाव नुकतेच बदलले होते; भाषणात तो एकदा नव्या नावाने आला आणि दोनदा जुन्या. शेवटी साहेब माईकजवळ सरकले. ते म्हणाले, "ज्या पाठीला उभ्या आयुष्यात माती लागली नाही, ती पाठ आज पहिल्यांदा या काळ्या आईच्या कुशीत टेकते आहे." लोकांनी डोळे पुसले. मीही पुसले, हे मी नाकारत नाही.

गोसाव्यांत मयताला आडवे करत नाहीत. मांडी घालून बसवतात आणि चारी बाजूंनी मीठ भरतात. पैलवानांच्या मापाला आणलेले मीठ पुरले नाही. पाठीमागची बाजू भरायला आणखी दोन पोती लागली.